दोन आयुष्यांचं संगीत नाटक बसवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एका माणसापुढे दोन वाटा येतात आणि नाटक त्याला दोन्हींवरून चालवतं. नोकरी पत्करून शहरात राहिलेली ती, आणि तीच नोकरी नाकारून आवडत्या माणसासोबत निघून गेलेलीही ती. दोघींची वर्षं शेजारी शेजारी सरकतात आणि गाणी दोघींना बांधून ठेवतात. कल्पना एका वाक्यात सांगता येते, म्हणून ती पटकन मोहात पाडते. आमच्या गटालाही तिनेच ओढलं. मात्र लिहायला आणि बसवायला घेतलं की रोज नवा प्रश्न उभा राहतो, आणि साध्या गद्य नाटकाचा अनुभव तिथे फारसा कामाला येत नाही.

एखाददुसरं नाटक केलंय, पण अशा नाटकाला कधी हात घातलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे. पुढच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. आत्ता कोणतं आयुष्य चालू आहे, हे प्रेक्षकाला क्षणात कळलं पाहिजे. आणि कोणतं आयुष्य बरं, हे त्याचं शेवटपर्यंत ठरता कामा नये. पहिली गोष्ट तंत्राची आहे, दुसरी लेखनाची. तंत्राची बाजू सांभाळली आणि लेखन एका बाजूला कललं, तर प्रेक्षक मध्यंतरातच निकाल लावून मोकळा होतो. लेखन उत्तम पण खुणा पुसट, तर तो दोन तास कोडं सोडवत बसतो आणि गाणी ऐकायची राहून जातात.

सुरुवातीला जवळ काय असावं

- तयार नाटक करणार असाल तर प्रयोगाचा लेखी परवाना. भाषांतर करणार असाल तर त्याची वेगळी लेखी परवानगी
- नवं नाटक असेल तर लेखक, गीतकार आणि संगीतकार यांच्यात झालेला, सह्या असलेला करार
- दोन्ही आयुष्यांचा तारीखवार तक्ता
- प्रत्येक गाण्याचं नोटेशन, त्यावर पट्टी आणि लय लिहिलेली. शिवाय तालमीसाठी नुसत्या साथीचं रेकॉर्डिंग
- प्रकाश, ध्वनी आणि नेपथ्याच्या क्यूंची, म्हणजे नेमकं कधी काय बदलायचं या इशाऱ्यांची, एकच वही
- वेशभूषेचा तक्ता: कोण, कोणत्या प्रवेशात, कोणत्या आयुष्यातलं काय घालणार
- स्टॉपवॉच, आणि रंगमंचावर खुणा करायला दोन रंगांची चिकटपट्टी

१. तयार नाटक की नवं, हे आधी ठरवा

तयार नाटकांत या प्रकाराचं सगळ्यात सरळ उदाहरण म्हणजे ‘इफ/देन’. संगीत टॉम किट यांचं, संहिता आणि गीतं ब्रायन यॉर्की यांची. मार्च २०१४ मध्ये ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यू यॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि वर्षभर चाललं. चाळिशीला टेकलेली एलिझाबेथ न्यू यॉर्कला परत येते, एका बागेत तिला दोन मित्र भेटतात, आणि ती कुणासोबत जाते यावरून तिची दोन आयुष्यं सुरू होतात. ‘पिपिन’ (१९७२) त्याच कुळातलं, पण त्याची घडण निराळी आहे. त्यातला राजपुत्र एकामागून एक वाट चालून पाहतो: युद्ध, सुखोपभोग, सत्ता आणि शेवटी साधं घर. ही दोन्ही वाचून काढा, गाणी ऐका. तुम्हाला समांतर वाटा हव्यात की एकामागून एक, याचा निर्णय त्यातून सोपा होतो. या लेखात मुख्यतः समांतर प्रकार धरला आहे.

तयार नाटक निवडलंत तर परवाना देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करावा लागतो. वरच्या दोन्ही नाटकांचे हक्क म्युझिक थिएटर इंटरनॅशनल ही संस्था हाताळते. अर्जात प्रयोगांच्या तारखा, सभागृहाची आसनसंख्या, तिकिटाचा दर आणि कलाकार हौशी की व्यावसायिक, ही माहिती विचारतात आणि त्यावरून शुल्क ठरतं. होकार हातात पडेपर्यंत जाहिरात करू नका, सभागृहाचे पैसे भरू नका. त्याच भागात त्याच सुमारास दुसरी संस्था तेच नाटक करत असेल, तर नकारही येतो.

इथे बहुतेक नवखे तीन ठिकाणी अडकतात. एक, मैफलीत एखादं गाणं गाण्याचे हक्क आणि गोष्टीसकट ते रंगमंचावर सादर करण्याचे हक्क वेगळे असतात; पहिले मिळाले म्हणून दुसरे मिळत नाहीत. दोन, एखादं गाणं गाळणं, पात्राचं लिंग बदलणं, गोष्ट दुसऱ्या शहरात नेणं, यातल्या प्रत्येकाला लेखी परवानगी लागते. तीन, प्रयोगाचं चित्रीकरण करून ते इंटरनेटवर टाकणं हा तिसराच हक्क आहे आणि बऱ्याचदा तो दिलाच जात नाही. भाड्याने आलेली नोटेशनची पुस्तकं परत करायची असतात, त्यामुळे त्यांवर फक्त पेन्सिल चालवा.

नवं लिहिणार असाल तर पहिल्याच बैठकीत करार करा. मित्रांमध्ये कागद कशाला, असं वाटतं, पण मैत्री टिकवायलाच तो लागतो. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असू द्या: उत्पन्नाची वाटणी कशी, एकाने काम सोडलं तर त्याची गाणी कुणाची, आणि बदलाचा शेवटचा शब्द कुणाचा. एखाद्या कवीची कविता घेणार असाल तर तिचे हक्क तपासा. कवीच्या मृत्यूनंतर किती वर्षांनी कविता मुक्त होते, हे देशागणिक बदलतं. भारतात ती मुदत साठ वर्षांची आहे, युरोपातल्या बहुतेक देशांत सत्तर.

२. फाटा शोधा, आणि तो लहान ठेवा

वाटा जिथे फुटतात तो क्षण हे या नाटकाचं मर्म. नवख्या लेखकाला वाटतं की निर्णय मोठा हवा: लग्न करू की नको, देश सोडू की राहू. आमचा सल्ला उलट आहे. निर्णय लहान असू द्या. फोन उचलला की नाही, आधीची गाडी पकडली की नंतरची, या मित्रासोबत निघाली की त्या. मोठ्या निर्णयात पात्राने विचार केलेला असतो, त्यामुळे प्रेक्षक लगेच त्याचा न्याय करायला बसतो. लहान निर्णयाला चूक म्हणता येत नाही. पुढे दोन आयुष्यांत जे अंतर पडत जातं, ते म्हणूनच जास्त टोचतं.

फाटा पहिल्या दहा-बारा मिनिटांत यावा. त्याआधी एवढं कळलं पाहिजे की ही व्यक्ती कोण आहे, तिला काय हवंय आणि ती कशाला घाबरते. मग तो क्षण दोनदा दाखवा. तोच प्रवेश, त्याच जागा, तेच शब्द. दुसऱ्यांदा फक्त एक कृती वेगळी. लेखक इथे प्रेक्षकाला नाटकाचे नियम शिकवत असतो, म्हणून घाई नको. त्याच क्षणावर एखादा स्वर किंवा वाद्याचा छोटा तुकडा ठेवलात तर पुढे कुठेही तो वाजला की प्रेक्षक सावध होतो.

दुसरा नियम कार्यकारणाचा. निवडीचा परिणाम जिथवर पोहोचतो तिथवरच जग बदलायचं. पाऊस दोन्ही आयुष्यांत त्याच दिवशी पडेल. ती गाडीत असो वा नसो, आजारी वडिलांचा आजार बदलणार नाही. मात्र त्यांच्या उशाशी ती असेल की नसेल, हे बदलेल. ज्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच राहतात, त्यांतूनच नाटकातले सगळ्यात ताकदीचे प्रवेश निघतात. तीच बातमी दोन घरांत पोहोचते आणि दोन वेगळ्या बायका ती ऐकतात. असे तीन-चार सामाईक दिवस आधीच ठरवून ठेवा.

३. संवादांआधी तक्ता

मोठा कागद भिंतीवर लावा. डावीकडे तारखा, मग पहिलं आयुष्य, मग दुसरं आणि चौथ्या रकान्यात दोन्हीकडे सारखं राहणारं. फाट्यापासून शेवटापर्यंत दर सहा महिन्यांनी भरा: कुठे राहते, कशावर पोट चालतं, कोण जवळ आहे, कुणाशी बोलणं बंद आहे, कशाची लाज वाटते. दुय्यम पात्रांचीही हीच नोंद हवी, कारण गोंधळ तिथेच होतो. पहिल्या आयुष्यात जिवलग असलेली मैत्रीण दुसऱ्यात नुसती ओळखीची असते. मग दुसऱ्या आयुष्यातल्या तिच्या तोंडी पहिल्यातला एखादा संदर्भ नकळत येतो आणि लेखकाला तो वाचताना दिसतही नाही.

तक्ता भरला की प्रत्येक आयुष्याची किंमत लिहा. या वाटेवर तिला काय मिळालं आणि त्यासाठी काय गेलं? दोन्ही यादी सारख्याच जड असल्या पाहिजेत. सगळ्यात जास्त नाटकं इथे बिघडतात. लेखकाच्या मनात एक आयुष्य खरं असतं आणि दुसरं धडा शिकवण्यापुरतं. करिअर निवडलेली एकटी पडते, प्रेम निवडलेली सुखी होते, किंवा याच्या बरोबर उलट. असं झालं की ते प्रवचन होतं, आणि चांगल्यातलं चांगलं गाणंही त्याला वाचवत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. पहिला मसुदा झाला की एका आयुष्याचे प्रवेश वेगळे काढून सलग वाचा, मग दुसऱ्याचे. प्रत्येक भाग स्वतंत्र नाटक म्हणून उभा राहतो का? मग गटाबाहेरच्या काही जणांना पूर्ण संहिता ऐकवा आणि विचारा, तुम्हाला यातलं कोणतं आयुष्य जगायला आवडेल. सगळ्यांचं उत्तर एकच आलं, तर जे हरलं त्याच्यात आनंद वाढवा. जिंकलेल्याचं दुःख वाढवून तोल साधायला जाऊ नका, त्याने नाटक फक्त काळवंडतं.

प्रवेशांचा क्रम लावताना एक इकडचा, एक तिकडचा असा ठोका धरू नका. चौथ्या वेळेला प्रेक्षक पुढचं ओळखतो. सुरुवातीला प्रत्येक आयुष्यात जरा लांब राहा, म्हणजे प्रेक्षक तिथे रुळेल. मग अदलाबदल वेगाने होऊ द्या. आणि एका जागी दोन्ही आयुष्यं एकाच वेळी रंगमंचावर आणा. ती जागा शक्यतो मध्यंतराआधीची.

४. गाण्यांना काम वाटून द्या

दोन तासांच्या नाटकाला साधारण पंधरा ते वीस गाणी पुरतात. त्यातली तीन जवळपास ठरलेली असतात. फाट्याआधीचं इच्छेचं गाणं, ज्यात तिला आयुष्याकडून काय हवंय ते कळतं. मध्यंतराआधीचं, दोन्ही आयुष्यं एकत्र आणणारं. आणि शेवटाकडचं, ज्यात ती न जगलेल्या वाटेकडे पाहते.

या नाटकात संगीत जे करू शकतं ते संवादांना जमत नाही: एकच चाल दोन आयुष्यांत वेगळ्या शब्दांनी वाजते. पहिल्या आयुष्यात बाळाला झोपवताना गायलेली चाल दुसऱ्यात रिकाम्या घरात नुसती गुणगुणली जाते. प्रेक्षकाला कुणी काही सांगत नाही, तरी हरवलेलं काय ते त्याला कळतं. संगीतकाराला अशा दोन-तीन चाली आधी बांधायला सांगा आणि त्या कुठे कुठे परत येतील हे तक्त्यावर लिहा. फार चाली फिरवल्यात तर एकही लक्षात राहत नाही.

शब्दांवर माहितीचं ओझं घालू नका. “आता पाच वर्षं झाली, मी या गावी आले” असं गाण्यात सांगावं लागत असेल, तर ते काम संवादाचं किंवा नेपथ्याचं आहे. गाणं तेव्हाच यावं जेव्हा बोलून भागत नाही. शिवाय पहिल्यांदा ऐकताना प्रेक्षकाला गाण्यातले बरेच शब्द निसटतात. गोष्ट समजण्यासाठी जे कळलंच पाहिजे ते गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात दडवू नका.

मुख्य भूमिका एका व्यक्तीने करायची की दोघांनी, हा निर्णय संगीत बांधण्याआधीच घ्या. एकटीने केली तर तिच्यातले दोन जीव पाहण्याचा आनंद मोठा, पण ती जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर असते आणि स्वतःसोबत युगलगीत गाऊ शकत नाही. तिथे समूहगायनाला किंवा दुसऱ्या पात्राला तिचा पडसाद बनवावं लागतं. दोघींनी केली तर युगलगीत मिळतं, कपडे बदलण्याची धावपळ वाचते, पण या दोघी एकच आहेत हे सतत पटवावं लागतं. पहिल्यांदा करत असाल आणि दमदार गायिका एकच असेल, तर आम्ही दोन नटींचा पर्याय सुचवू. एकाच गळ्यावर सगळा भार टाकून सलग प्रयोग लावणं धोक्याचं आहे.

पट्टी गायिकेच्या गळ्याप्रमाणे ठरवा, आणि तालमीच्या शेवटी, थकलेल्या आवाजात तपासा. सकाळी ताज्या गळ्याला जमलेला वरचा सूर दुसऱ्या अंकाच्या अखेरीस मिळेलच असं नाही.

५. खुणा: आत्ता कोणतं आयुष्य चालू आहे?

‘इफ/देन’मध्ये खूण अगदी साधी होती. चष्मा लावलेली ती लिझ, बिनचष्म्याची ती बेथ. दोन्ही एलिझाबेथ याच नावाची लघुरूपं, त्यामुळे हाक मारली की कानालाही कळायचं. एक खूण डोळ्यांना, एक कानांना.

याउलट अनुभव १९८१ च्या ‘मेरिली वी रोल अलाँग’चा. स्टीव्हन सोंडहाइम यांचं संगीत, हॅल प्रिन्स यांचं दिग्दर्शन, आणि गोष्ट मध्यमवयाकडून तारुण्याकडे उलटी जाणारी. सुरुवातीच्या प्रयोगांत प्रेक्षकांना कोण कोण आहे तेच उमगेना, तेव्हा कलाकारांच्या अंगात पात्रांची नावं आणि नाती लिहिलेले स्वेटशर्ट घालण्यात आले. उद्घाटनानंतर अवघ्या सोळा प्रयोगांत नाटक बंद पडलं. पुढे अनेकांनी ते पुन्हा घडवलं, आणि ब्रॉडवेवरच्या नव्या निर्मितीला २०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट पुनर्निर्मितीचा टोनी पुरस्कार, म्हणजे ब्रॉडवेवरचा सर्वोच्च सन्मान मिळाला. म्हणजे गाण्यांत ताकद होतीच. काळाची उलटसुलट रचना असलेल्या नाटकात प्रेक्षकाचा हात सुटला की काय होतं, याचा हा दाखला लक्षात ठेवा.

आम्ही शरीरावर एक, आवाजात एक आणि अवकाशात एक अशा तीन खुणा ठेवतो.

शरीरावरची खूण शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे आणि दोन-तीन सेकंदांत बदलता आली पाहिजे. चष्मा, ओढणी, कोट, सोडलेले किंवा बांधलेले केस. अंगठी किंवा कानातलं उपयोगाचं नाही, चौथ्या रांगेपुढे ते दिसत नाही. विग टाळा, घाईत तो वाकडा बसतो. चष्मा वापरत असाल तर काच काढून नुसती फ्रेम ठेवा, नाहीतर दिव्याचं प्रतिबिंब पडून डोळे दिसेनासे होतात. आणि मायक्रोफोन चष्म्याच्या काडीवर लावू नका. चष्मा उतरला की आवाजही जाईल. तो केसांच्या कडेला, कपाळाजवळ बसवा.

आवाजातली खूण म्हणजे नाव आणि वाद्य. एका आयुष्यात तिला घरचं नाव, दुसऱ्यात पूर्ण नाव. एका आयुष्याच्या प्रवेशांना पियानो, दुसऱ्याच्या प्रवेशांना तंतुवाद्य. प्रवेश सुरू होताना त्या वाद्याचे दोन स्वर वाजले तरी पुरे.

अवकाशातली खूण प्रकाशाची. एका आयुष्याला उबदार पिवळसर उजेड, दुसऱ्याला थंड निळसर. लाल-हिरवी जोडी घेऊ नका, काही प्रेक्षकांना त्यातला फरक दिसत नाही. ज्या रंगाने सुख आणि ज्याने दुःख असं सरळ सुचतं, तेही टाळा, नाहीतर प्रकाशयोजनाच निकाल देऊन टाकते. उबदार आयुष्यातही कडवट प्रवेश असतील आणि निळ्या उजेडातही हसू येईल, हे पाहणं दिग्दर्शकाचं काम आहे.

सगळं ठरलं की एक परीक्षा घ्या. नाटक माहीत नसलेल्या व्यक्तीला तालमीत बोलवा, दोन आयुष्यांची ओळख एका मिनिटात करून द्या, आणि मधलेच कुठलेही अर्ध्या मिनिटाचे तुकडे दाखवत विचारा, हे कोणतं? जिथे ती अडखळेल तिथे खूण वाढवा. संवादात स्पष्टीकरण घुसडू नका.

खुणा पक्क्या झाल्यावर त्या मोडण्याचा अधिकार मिळतो. एका प्रवेशात, फक्त एकाच, सगळ्या खुणा काढून घ्या. ती कोणत्या आयुष्यातली हे कुणालाच सांगता येऊ नये. आधी शिस्त पाळली असेल तर सभागृहाचा श्वास तिथे अडकतो.

६. कलाकार निवडताना

गाणं ऐकाच, पण एक जास्तीची परीक्षा घ्या. एकच पानभर संवाद द्या आणि दोन वेगळ्या पूर्वकथा सांगून दोनदा करायला लावा: एकदा रात्रभर जागलेली, एकदा नुकतीच बढती मिळालेली. मोठमोठे हावभाव बदलणाऱ्यापेक्षा ज्याचा श्वास आणि बोलण्याची गती बदलते तो कलाकार घ्या.

दुय्यम भूमिकांनाही हेच लागू, आणि त्यांना सहसा कुणी विचारत नाही. दोन्ही आयुष्यांत येणाऱ्या प्रत्येक कलाकाराच्या हातात त्याचं कार्ड द्या: या आयुष्यात मी तिला कसा ओळखतो, शेवटचं कधी भेटलो, माझ्या मनात काय आहे. मुख्य भूमिकेला बदली कलाकार पहिल्या दिवसापासून तालमीत हवा. दोन आयुष्यांचा नकाशा ऐनवेळी कुणालाही पाठ होत नाही.

७. तालमीचा क्रम

संहितेच्या क्रमाने बसवायला घेऊ नका. आधी गाणी, बसून आणि सावकाश. मग पहिलं आयुष्य सलग, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मग दुसरं सलग. दोन्हींचा ओघ कलाकारांच्या अंगात भिनला की मगच प्रवेश संहितेप्रमाणे गुंफा. यात वेळ जास्त जातो असं वाटतं, पण गुंफलेल्या क्रमाने सुरुवात केली तर कलाकाराला प्रत्येक प्रवेशाआधी ‘मागे काय घडलं’ हे विचारावं लागतं, आणि ते महिनाभर थांबत नाही. संध्याकाळी भेटणाऱ्या हौशी गटाने अडीच-तीन महिने हाताशी ठेवावेत.

जागा बांधताना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या कामाला येतात. तेच टेबल दोन घरांत दोन ठिकाणी असेल, तर कुणाला काही विचारावं लागत नाही. क्यूंच्या वहीतही दोन्ही आयुष्यांचे क्यू दोन रंगांच्या पेन्सिलींनी लिहा.

वेशबदल ही वेगळी तालीम समजा. अंधार पडल्यापासून पुन्हा उजेडात येईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर मोजा. विंगेत कपडे कुठे टांगलेत, कोण बटणं लावतं, काढलेले बूट कुठे जातात, हे रोज तसंच व्हायला हवं. बटणांमागे वेल्क्रो शिवा, वरचा कपडा काढला की खालचा तयार असेल अशी रचना करा. वीस सेकंदांत जमत नसेल तर संगीतकाराला चार ओळी वाढवायला सांगा. कलाकाराला पळायला सांगू नका.

वादक आणि गायक प्रथम एकत्र येतात ती तालीम नुसती बसून करा, हालचालीशिवाय. नंतर तांत्रिक तालीम क्यू ते क्यू, मधले संवाद गाळून. दोन आयुष्यांच्या नाटकात क्यू नेहमीपेक्षा बरेच जास्त असतात, त्यामुळे तांत्रिक तालमीला एक दिवस पुरेल असं धरू नका. मग रंगीत तालमी, निदान दोन. त्यांत थांबायचं नाही, काहीही झालं तरी.

८. प्रेक्षकांना निवडू द्यायचं का?

हा विचार प्रत्येक गटात निघतो. वाट प्रेक्षकांनी मतदानाने निवडायची आणि नाटक तिकडे वळायचं. रूपर्ट होम्स यांच्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’मध्ये (१९८५) हे झालं. चार्ल्स डिकन्स यांची ती कादंबरी त्यांच्या मृत्यूमुळे १८७० मध्ये अपुरी राहिली, म्हणून खुनी कोण हे प्रत्येक प्रयोगात प्रेक्षक ठरवत. तिथे ती युक्ती गोष्टीतूनच उगवलेली होती.

तुमच्या नाटकात एक फाटा असेल तर दोन शेवट बसवावे लागतील, दोन फाट्यांना चार, तीन फाट्यांना आठ. प्रत्येक शेवटाची तालीम, क्यू, कपडे. आणि प्रेक्षकांचा कल बहुधा एकाच बाजूला झुकतो, मग बाकीचे शेवट गंजत पडतात. पहिल्या नाटकात हे करू नका. मुळात निवडीचं दुःख पात्राचं असतं. ते प्रेक्षकाच्या हाती दिलं की त्याचा खेळ होतो, आणि दोन्ही वाटा पाहण्यातली जी हुरहुर या नाटकाचा प्राण आहे ती नाहीशी होते.

९. शेवट

‘ते सगळं स्वप्न होतं’ हा शेवट वापरू नका. त्याने प्रेक्षकाने दिलेला दोन तासांचा विश्वास वाया जातो. कोणतं आयुष्य खरं घडलं, हेही सांगू नका. दोन्ही घडली, अशीच नाटकाची भूमिका असली पाहिजे आणि शेवटच्या ओळीपर्यंत ती टिकली पाहिजे.

‘पिपिन’मधला शेवट अभ्यासण्यासारखा आहे. राजपुत्र झगमगत्या अंतिम खेळाला नकार देतो तेव्हा नट मंडळी त्याच्याकडून रंगीत दिवे, कपडे, संगीत सगळं काढून घेतात आणि तो साध्या उजेडात उभा राहतो. निवडीची किंमत तिथे शब्दांत सांगितलेली नाही, ती रंगमंचावर दिसते. समांतर नाटकात याच्या जवळ जाणारा एक मार्ग आहे: दोन्ही आयुष्यांना वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच जागी आणायचं आणि तिथे नवा, तितकाच लहान निर्णय समोर ठेवायचा. ती काय करते ते दाखवायचं नाही.

शेवटच्या अभिवादनाला मुख्य कलाकार कोणत्या आयुष्याच्या वेशात येणार, हे आधी ठरवा. हा प्रश्न आयत्या वेळी निघतो, आणि चष्मा लावून आली की लोक म्हणतात, म्हणजे तेच खरं होतं. तिसरा, दोन्हींतला नसलेला साधा वेश ठेवा.

१०. पहिल्या प्रयोगानंतर

दाराशी दोघांना उभं करा आणि बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचं बोलणं ऐकायला सांगा. ‘आवडलं का’ असं विचारू नका; सगळे हो म्हणतात. विचारायचं असेल तर दोनच प्रश्न विचारा: कुठे गोंधळलात, आणि ती कोणत्या आयुष्यात जास्त बरी होती? पहिल्या प्रश्नाला एकाच प्रवेशाचं नाव वारंवार आलं, तर दुसऱ्या प्रयोगाआधी तिथला प्रकाश, वाद्य आणि नाव तपासा. दुसऱ्या प्रश्नावर नवरा-बायको दारातच वाद घालायला लागले, तर संहितेला हात लावू नका, आणि पुढच्या प्रयोगाची तारीख तिथेच सांगून टाका.